साहेबांनी सांगितलेली तीन नावं

१

गंगम्माचं प्रेत सोमवारी सकाळी सापडलं.

नळदुर्गाहून लोहाऱ्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर, जळकोट मागं टाकलं की एक ओढा लागतो. त्या ओढ्याच्या उतारावर ती पालथी पडली होती. गळ्याभोवती तिच्याच गाठोड्याची दोरी होती. गाठोडं सोडलेलं होतं, पण चोरीला काही गेलं नव्हतं. तिनं विकायला नेलेले चोळीचे खण मारेकऱ्यांनी एकेक करून शेजारच्या बाभळीला बांधले होते. खोडाला काट्यानं एक कागद टोचला होता, आणि त्यावर मोडीत एकच शब्द होता. खबरी.

साल १९४४, फाल्गुन लागलेला. ज्वाऱ्या काढायला आल्या होत्या. मी तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबादेत अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. जिल्ह्याच्या पोलिसांचे वरचे साहेब, मोहतमिम, यांनी मला दुपारी बोलावून घेतलं.

"मल्लिनाथ, सरहद्दीवरच्या टोळीनं आपली एक खबरी मारली," ते म्हणाले. "आता दुसरं कोण तोंड उघडणार? नाव आपल्याच कचेरीतून फुटलं असणार. जा आणि फितूर शोधून आण."

ही टोळी दोन वर्षं आम्हाला झुलवत होती. सोलापुराकडून बंदुका आणायच्या, बाजारच्या गाड्या लुटायच्या, सावकारांना उचलून न्यायचं, आणि आम्ही पोचायच्या आत इंग्रजांच्या हद्दीत निसटायचं. तिच्या बंदोबस्तासाठी सरकारनं नळदुर्गाला खास पथक नेमलं होतं. वीस माणसं आणि एक लॉरी. त्याचे प्रमुख होते इन्स्पेक्टर कल्याणप्पा.

त्यांच्या हाताखालीच मी हे काम शिकलो होतो. पंचनामा कसा लिहायचा, घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग प्रश्न विचारायचा, हे सगळं त्यांचं. माझे वडील लवकर गेले, त्यामुळं त्यांच्याशी माझं नातं नोकरीपुरतं नव्हतं.

नळदुर्गात पोचल्यावर मी पहिला प्रश्न त्यांनाच विचारला. "साहेब, गंगम्मा कधीपासून आपली खबरी होती?"

त्यांनी कपाटातून खबऱ्यांची मिसल काढून माझ्यापुढं ठेवली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. तीत गंगम्माचं नाव नव्हतं.

"ती खबरी नव्हतीच," कल्याणप्पा म्हणाले.

२

मंगळवारी सकाळी मी लोहाऱ्याला गेलो. गंगम्माचं घर वेशीपासून तिसरं. दारात तिची मुलगी इरम्मा बसली होती. पंचविशीची असेल, दिवस भरत आलेले. नवरा सोलापूरच्या गिरणीत, त्याला निरोप गेला होता पण तो पोचला नव्हता.

"अव्वाला काल माती दिली," ती म्हणाली. "जंगम आला, चुलता आला, आन् म्या. गल्लीतलं कुणी आलं न्हाय. खबरीच्या मातीला गेलं तर आपलं बी घर जळंल म्हंतेत. दगडाबाई सुईण हाय ना, तिनं निरोप दिलाय, माझ्याकडं बोलावणं धाडू नको म्हणून."

"तुमच्या आईचा पोलिसांशी कधी संबंध आला होता?"

"खण इकायला समद्यांच्या दारात जायची. पोलिसाच्या बायकाबी चोळ्या घालतेत की."

मग तिनं सगळं नीट सांगितलं. दिवाळी झाल्यावर गंगम्मा भावाकडं अक्कलकोटला गेली होती. वहिनी आजारी होती, म्हणून तिथंच चार महिने राहिली. लेकीचं बाळंतपण जवळ आलं तशी परत निघाली. गुरुवारी सोलापुराहून नळदुर्गात उतरली, आणि तिथून बैलगाडीनं शुक्रवारी सकाळी घरी आली. शुक्रवार-शनिवार तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. सारवलं, शेवया केल्या, डिंक निवडला. रविवारी जळकोटला ओळखीच्या दोन घरी खण दाखवून येते म्हणाली, आणि गेली.

मी बाभळीवरून उतरवलेले खण सोबत नेले होते. इरम्मानं ते मांडीवर घेतले आणि एकेक हातानं सरळ करू लागली. मोरपंखी रंगाचे, लाल काठाचे, अंगावर बारीक पांढरी नक्षी.

"हे आपल्याकडं मिळत न्हाईत," ती म्हणाली. "अक्कलकोटात एक नवा विणकर आलाय, त्येच्याकडनं अव्वानं बारा आणले होते. पहिल्यांदाच." तिनं पुन्हा हात फिरवला. "हितं अकराच हायत."

"जळकोटला एक विकला असेल."

"न्हाय. तिथं पोचलीच न्हाय ती. जळकोटच्या बाया सांगत होत्या, गंगम्मा आलीच न्हाय. आन् शुक्रवारी घरी आली तवाच म्हनली, येताना एक खपला, हात चांगला लागला."

म्हणजे बारावा खण गुरुवारी नळदुर्गात विकला गेला होता.

मी निघताना तिनं विचारलं, "साहेब, ती खबरी नव्हती हे तुमास्नी ठाव हाय ना? मग सांगा की गावात. चार मान्सांसमोर सांगा."

"तपास झाल्यावर सांगतो," मी म्हणालो.

वेशीपर्यंत मला तिच्याकडं मागं वळून बघवलं नाही.

३

गंगम्मा खबरी नव्हती, तर टोळीला तसं का वाटलं? गावगप्पांवरून म्हणावं, तर ती चार महिने गावातच नव्हती. कचेरीतून नाव फुटलं म्हणावं, तर कचेरीच्या मिसलीत तिचं नावच नव्हतं.

पथकाच्या आतल्या गोष्टी तिघांना ठाऊक असत. पेशकार विष्णुपंत, जे सगळे कागद लिहीत. जमादार बंडप्पा, जो शिपायांची नेमणूक करी. आणि लॉरीचा ड्रायव्हर करीमभाई, ज्याला छापा कुठं पडणार ते आधी सांगावंच लागे. मी दुपारी लोहाऱ्याहून परतलो तेव्हा कल्याणप्पा व्हरांड्यात उभे होते.

"कुणाकुणाला विचारणार?"

"तिघांनाही."

"बंडप्पाला विचार, करीमला विचार. विष्णुपंतांना आत्ता नको. त्यांना परवा विचार."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी बरं म्हणालो, आणि पहिली शंका माझ्या मनात तिथंच शिरली. खुनाच्या तपासात हा माणूस एकाला पाठीशी का घालतोय?

बंडप्पा जमादार आडदांड गडी, बोलायला मोकळा. खबऱ्यांचा विषय काढला तसा मात्र तो चुळबुळू लागला.

"अमीनसाहेब, शपथ हाय मला."

"कुणाची?"

"साहेबांची. पुसाच्या महिन्यात त्यांनी मला एकट्याला बोलावलं. म्हनले, बंडप्पा, टोळीतली आतली बातमी देनारा एक मानूस मिळालाय. अणदूरचा महालिंगप्पा तेली. ह्ये फकस्त तुला सांगतोय, तिसऱ्या कानाला कळू देऊ नको."

"तू कुणाला सांगितलंस?"

"बायकोलाबी न्हाय."

"गंगम्माचं नाव तेव्हा निघालं होतं?"

"ती कोन गंगम्मा? ती मेली तवा पहिल्यांदा ऐकलं."

महालिंगप्पा तेल्याला मी ओळखत होतो. घाणा मोडून तो वर्षापूर्वीच सोलापूरला राहायला गेला होता. तो कुठली आतली बातमी देणार?

करीमभाई लॉरीखाली पाठीवर पडून काहीतरी आवळत होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले, आणि बराच वेळ टाळाटाळ केली. शेवटी म्हणाला, "साब, बात ऐसी है, बडे साब ने सिर्फ मेरेकू बोले थे. जळकोट में वो घिसाडी था ना, शिवप्पा, वो अपना आदमी है बोले. किसीकू नक्को बोलो बोले. मैं नहीं बोला."

"शिवप्पा घिसाडी आता कुठं आहे?"

"वो तो अपना बिस्तर लेके कबका चला गया साब. बार्शी के उधर."

एका खबऱ्याची दोन नावं, दोघांना स्वतंत्र सांगितलेली, आणि दोन्ही माणसं निजामाच्या हद्दीबाहेर गेलेली. दोघांना दोन नावं सांगितली असतील, तर तिसऱ्याला तिसरं सांगितलं असणार.

कल्याणप्पांनी नको म्हटलं होतं, तरी मी विष्णुपंतांच्या टेबलापाशी गेलो. तुळजापूरचे, साठीला टेकलेले, अक्षर मोत्यासारखं. मी कागद मागायच्या निमित्तानं सहज विचारलं, "पंत, टोळीत आपला एक माणूस होता म्हणतात. तुमच्या कानावर काही?"

"मला असलं कुणी सांगत नाही," ते खाली बघून म्हणाले. "मी आपला लेखणी चालवणारा माणूस."

ज्या दोघांना नावं सांगितली होती त्यांनी कबूल केलं. विष्णुपंतांनी एकट्यांनीच नाकारलं.

४

उशिरा का होईना, जेवायला घरी ये, असं कल्याणप्पांनी सांगून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा ते कचेरीतच अडकले होते. त्यांच्या पत्नी चन्नम्मावैनी सोप्यात उजेडाला बसून शिवत होत्या.

"बस, पाणी आणते," त्या म्हणाल्या आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं.

मोरपंखी रंग, लाल काठ, बारीक पांढरी नक्षी.

"वैनी, हा खण नवीन दिसतोय."

"गंगम्माकडून घेतला की रे." त्यांचा आवाज लगेच उतरला. "शिवायचं मन होत नव्हतं. पण ठेवून तरी काय करू? निदान अंगावर राहील."

"कधी घेतला?"

"गुरुवारी. हे जेवत होते, ती दारात आली. चार महिन्यांनी दिसली म्हणून मी आत बोलावलं. ह्यांच्याशी पण बोलली. लेक बाळंत होणार म्हणून आले म्हणाली, साहेब तब्येत बरी हाय का म्हणाली."

"साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं, भाजी तिखट झाली."

मी पाणी प्यायलो.

माझ्या मनात हिशेब लागत होता आणि तो मला नको होता. कल्याणप्पांनी तिघांना तीन नावं दिली. नाव फोडणारा कोण ते कळावं म्हणून. ज्या नावाची टोळी चौकशी करील, ते नाव ज्याला सांगितलं तो फितूर. तिन्ही माणसं त्यांनी मुद्दाम अशी निवडली होती की जी हद्दीबाहेर होती, टोळीच्या हाताला लागणार नव्हती. पण त्यातलं एक माणूस परत आलं. गुरुवारी दुपारी ते त्यांच्या दारात उभं होतं.

आणि खून झाला रविवारी.

५

मी कचेरीत गेलो, दार लावून घेतलं. ते नकाशा पाहत होते.

"साहेब, विष्णुपंतांना तुम्ही गंगम्माचं नाव सांगितलंत."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कसं कळलं?"

मी सांगितलं. दोन नावं, बारा खण, वैनींचं शिवण. ते ऐकत राहिले, जसे ते माझ्या पहिल्या वर्षी माझे पंचनामे ऐकायचे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच शिकवलंय तुला."

"विष्णुपंत फितूर आहेत हे तुम्हाला कधी कळलं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. लोहाऱ्यात दोन परके इसम गंगम्माचं घर विचारत फिरले. महालिंगप्पाची कुणी चौकशी केली नाही, घिसाड्याचीही नाही. मग कळलं."

"मग तेव्हाच पकडायचं."

"पकडलं असतं तर एक म्हातारा पेशकार मिळाला असता, टोळी नसती मिळाली. मी त्यांच्याच हातून टोळीला खोटी बातमी पोचवली. बुधवारी पथक तुळजापूरच्या यात्रेच्या बंदोबस्ताला जाणार, रस्ता मोकळा. उद्या सकाळी ते लोक बंदुका घेऊन बोरी नदी ओलांडणार आहेत, आणि आम्ही तिथं असणार आहोत. दोन वर्षांत अशी संधी आली नव्हती. चार माणसं मारलीत त्यांनी, मल्लिनाथ. परवा तर नऊ वर्षांची पोर उचलली होती."

"गंगम्मा गुरुवारी आली."

"हो."

"शुक्रवार, शनिवार होते. एक घोडेस्वार लोहाऱ्याला जाऊन आला असता."

ते खिडकीकडं गेले. "तिला काय सांगायचं? पळ म्हणायचं? ती कुणाला तरी कारण सांगणार. लेकीचे दिवस भरलेले, ती जागची हलणार नाही. चार ठिकाणी बोलेल. पंतांच्या कानावर जाईल. मग उद्याचं सगळं फुकट. मला वाटलं, बुधवारपर्यंतच तर आहे. मला वाटलं, खबरी म्हणून ते तिला टाळतील, तिच्यापासून लांब राहतील. मारतील असं..."



"वाटलं नव्हतं?" मी विचारलं.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "वाटलं होतं म्हणूनच ताटावरून उठलो."

६

बुधवारी सकाळी बोरीच्या उतारावर टोळी सापडली. नऊ जण जिवंत, दोन मेले. एकवीस बंदुका. आमचा एक शिपाई जखमी झाला. जिल्ह्यात इतकं मोठं काम त्याआधी झालं नव्हतं.

त्याच दुपारी मी विष्णुपंतांना समोर बसवलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझी शामला सोलापूरला दिलीय," ते म्हणाले. "जावई ह्या लोकांचा माल ठेवून घेतो, हे मला लग्नानंतर कळलं. त्यानं सांगितलं, पथकाच्या हालचाली कळवल्या नाहीत तर शामलाला नांदवणार नाही, आणि तेवढ्यावर थांबणारही नाही. मी कळवत गेलो."

"आणि गंगम्माचं नाव?"

"तेही कळवलं. पुसातच. साहेब, ती अक्कलकोटला होती. मला वाटलं, हे लोक तिला टाळतील, लांब राहतील. एवढंच. मग गुरुवारी ती साहेबांच्या दारात गेलेली त्यांच्या माणसानं पाहिली. त्यांची खात्री पटली."

दोन माणसांनी एकच वाक्य मला जवळजवळ शब्दाला शब्द ऐकवलं होतं. त्यांतल्या एकाच्या हाताला मी बेडी घातली. दुसरा शेजारच्या खोलीत बसला होता, आणि लोक त्याला भेटायला हार घेऊन येत होते.

मोहतमिमसाहेब स्वतः नळदुर्गाला आले. मी त्यांना सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"पेशकाराचं लिही," ते म्हणाले. "जावयाचं लिही. तीन नावांचं लिहू नको."

"मग गंगम्मा कशी मेली म्हणून लिहू?"

"सरकारची खबरी होती. कर्तव्य करताना मारली गेली. मुलीला सरकारकडून काहीतरी मिळेल. तिचं भलंच होईल. कल्याणप्पांची इज्जत राहील, सरकारची राहील. कुणाचं काय बिघडलं?"

मी जे म्हणायला हवं होतं ते म्हणालो नाही. मला कल्याणप्पांची इज्जत हवी होती. खरं सांगायचं तर मला माझीही हवी होती. त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला आणि त्याखाली सही केली. गंगम्मा, राहणार लोहारा, सरकारी खबरी.

७

पंधरा दिवसांनी कल्याणप्पा उस्मानाबादला माझ्याकडं आले. अंगावर वर्दी नव्हती, साधं धोतर आणि सदरा. राजीनामा देऊन आलो म्हणाले. त्यांच्या जागी माझं नाव गेलंय हेही त्यांना ठाऊक होतं.

"लोहाऱ्याला चल माझ्याबरोबर. मला एकट्याला जमेल असं वाटत नाही."

आम्ही गेलो तेव्हा बाजार भरला होता. चावडीपुढं माणसं होती, पोलीस पाटील होता, ओळखीचे वाणी होते. कल्याणप्पा चावडीच्या पायरीवर उभे राहिले. त्यांना कोण ओळखत नव्हतं? टोळी पकडणारे साहेब म्हणून माणसं आपोआप गोळा झाली. इरम्माला पाटलानं बोलावणं पाठवलं होतं. ती आली, काखेत दहा दिवसांचं मूल. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं सरकून जागा मोकळी झाली. मानानं दिलेली जागा नव्हती ती.

"गंगम्मा खबरी नव्हती," कल्याणप्पा म्हणाले. "तिनं पोलिसांना कधी काही सांगितलं नाही. एका फितुराला पकडायला मी तिचं नाव खोटंच खबरी म्हणून सांगितलं. ती परत आली हे मला कळलं होतं. मरायच्या आधी तीन दिवस कळलं होतं. मी तिला सावध केलं नाही. तिला टोळीनं मारलं, पण मारायला मी दिलं."

बाजारातला गलबला थांबला होता. कुणाचा तरी बैल घंटा वाजवत होता तेवढाच आवाज. माणसांच्या मागं एक म्हातारी बाई खाली बसली आणि पदरात तोंड लपवलं. ती दगडाबाई सुईण, हे मला नंतर कळलं. इरम्माचं बाळंतपण जंगमाच्या बायकोनं केलं होतं, जिनं आधी कधी केलं नव्हतं.

इरम्मा कल्याणप्पांच्या समोर आली.

"गुरुवारी तुमी जेवत होता म्हनं. अव्वा तुमच्याशी बोलली."

"हो."

"तिला इतकंच म्हणायचं होतं, गंगम्मा, घराभाईर पडू नको. कारन कशाला सांगायला पायजे? तिनं इचारलंबी नसतं. साहेब सांगतेत म्हणून बसली असती."

कल्याणप्पांनी मान खाली घातली. तीन दिवसांत काय काय होऊ शकलं असतं याचा त्यांनी पुष्कळ विचार केला असणार. इतकं साधं त्यांना सुचलं नव्हतं, आणि मलाही.

ते पायरीवरून उतरले. मला वाटलं, झालं. मी त्यांच्या खांद्याला हात लावून गाडीकडं वळणार, तेवढ्यात इरम्मा माझ्याकडं वळली.

"आन् तुमी? तुमी सांगतो म्हनला होता. तपास झाल्यावर."

"झालाय तपास."

"कागदावर काय लिवलं?"

शंभरएक माणसं माझ्याकडं बघत होती. माझ्या अंगावर वर्दी होती. पुढच्या महिन्यात खांद्यावर नवं चिन्ह लागणार होतं.

"वेगळं लिहिलं," मी म्हणालो.

"काय?"

"ती खबरी होती असं लिहिलं."

तिनं मूल दुसऱ्या काखेत घेतलं. रागावली नाही, रडली नाही. मोकळ्या झालेल्या पायरीकडं तिनं बोट दाखवलं. "मग तुमीबी हितं हुबं ऱ्हावा, आन् सांगा."

मी पायरी चढलो. माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, काय लिहिलं आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते सांगितलं. बोलताना मी पायाखालच्या दगडाकडं बघत होतो, आणि माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

मागच्या रांगेतून एक माणूस म्हणाला, "मोठ्यानं बोला, साहेब. हितवर येत न्हाय."

मी मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.